विंडोजचं पार्टिशन उडवल्यानंतरचे आठ महिने

गेल्या जुलैमध्ये मी पीसीवरचं विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विंडोजसाठी राखलेला भाग, उडवलं. बॅकअप दोनदा उघडून बघितला, सेव्ह गेमचे फोल्डर वेगळ्या डिस्कवर टाकले, आणि तरी डिलीटच्या बटणावर माउस नेऊन बराच वेळ तशीच बसून राहिले. माझं काम कित्येक वर्षं लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमवरच चालतं, विंडोज ठेवलं होतं ते फक्त गेमसाठी, म्हणजे काम संपलं की सगळं बंद करा, रीस्टार्ट करा, तिकडे जा, खेळायला बसा, तेवढ्यात कुणाचा मेसेज की अगं ती फाइल पाठव ना, आणि फाइल लिनक्सच्या बाजूला, की परत रीस्टार्ट. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं झालं होतं, धड काम नाही धड खेळ नाही. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, नीट विचार कर, नंतर आमच्याबरोबर खेळता आलं नाही तर?" मी म्हटलं बघू. आणि दाबलं बटण.

हा प्रयत्न पहिला नव्हता. २००८ च्या जूनमध्ये वाइनची १.० आवृत्ती आली तेव्हा मी एकदा हौसेने करून बघितलं होतं. वाइन म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम विंडोजच्या भाषेत मागण्या करतो, ही फाइल उघड, ही खिडकी काढ, हा आवाज वाजव, आणि वाइन मध्ये दुभाष्यासारखं बसून त्या मागण्या लिनक्सला समजतील अशा करून देतं. अख्खं विंडोज आत चालवत नाही, फक्त बोलणं पोचवतं. १९९३ मध्ये सुरू झालेलं काम, १.० पर्यंत यायला १५ वर्षं गेली, कारण विंडोजच्या आत काय चालतं हे बाहेरून बघून बघून शोधायचं होतं. तर त्या वेळी मी एक रणनीतीचा गेम लावला, मेनू उघडला, चित्रं सगळी आली पण अक्षरंच नाहीत, नुसती रिकामी बटणं. मला तो मेनू पाठ होता म्हणून वरून तिसरं बटण म्हणजे लोड गेम असं आठवून आठवून दाबत गेले, गेम सुरू झाला, आणि कोपऱ्यातला नकाशा काळाकुट्ट. तरीही रात्री दीडपर्यंत खेळले. ते चालतंय याचाच आनंद इतका होता की बाकी काही खुपलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर खेळायचं होतं तेव्हा गुपचूप विंडोजमध्ये गेले.

मग २०१२ मध्ये वाल्व्हने, म्हणजे स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या कंपनीने, लिनक्सकडे लक्ष वळवलं. त्या वेळी विंडोज ८ येत होतं आणि त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं स्टोअर होतं, तेव्हा वाल्व्हचे प्रमुख गेब न्यूएलनी विंडोज ८ पीसीच्या जगासाठी मोठं संकट आहे असं उघडपणे म्हटलं होतं. स्वतःचं अख्खं दुकान दुसऱ्याच्या जागेत थाटलेलं, आणि जागामालक आता स्वतःच दुकान काढतोय म्हटल्यावर भीती वाटणारच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या टीमने सांगितलं की त्यांचा लेफ्ट फोर डेड २ हा गेम लिनक्सवर सेकंदाला ३१५ फ्रेम म्हणजे चित्रं देतोय आणि त्याच मशीनवर विंडोज ७ मध्ये २७०.६. मी तो आकडा कित्येकांना पाठवला होता! १४ फेब्रुवारी २०१३ ला लिनक्सचं स्टीम अधिकृतपणे आलं, आणि आम्हा लोकांना वाटलं झालं आता, दोन-तीन वर्षांत सगळं फिरणार.

फिरलं नाही. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये स्टीम मशीन बाजारात आल्या, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेले गेम खेळायचे तयार पीसी, आत लिनक्सवर आधारलेलं स्टीमओएस, आणि त्या चालल्याच नाहीत. मला आज मागे वळून बघताना कारण अगदी स्पष्ट दिसतं. तो सगळा बेत या आशेवर होता की गेम बनवणारे आपणहून लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढतील. पण त्यांनी ती का काढावी? खेळणारे नाहीत म्हणून गेम नाहीत, आणि गेम नाहीत म्हणून खेळणारे नाहीत. समोरच्याची ताकद इथे आहे, विंडोज चांगलं की वाईट हा प्रश्नच येत नाही, सगळे तिथे आहेत एवढंच पुरेसं असतं. लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी १९९८ मध्ये याच कामासाठी निघाली होती, दुसऱ्यांचे गेम लिनक्सवर आणून विकायचे, आणि २००२ च्या सुरुवातीला बंद पडली. कंपनी गेली पण तिथे कामाला असलेल्या सॅम लँटिंगा यांची एसडीएल लायब्ररी (गेमसाठी चित्र, आवाज, कंट्रोलर सांभाळणारा तयार कोड) राहिली, आज असंख्य गेम तिच्यावर चालतात. हरलेल्या लढाईतूनही असं काहीतरी मागे उरतं आणि पुढच्याला उपयोगी पडतं, हे लिनक्समध्ये मी वारंवार बघितलंय.

खरा बदल झाला तो २१ ऑगस्ट २०१८ ला, प्रोटॉन आलं त्या दिवशी. प्रोटॉन म्हणजे वाइनच, पण वाल्व्हने त्यावर काम करून थेट स्टीममध्ये बसवलेलं, म्हणजे तुम्ही विंडोजचा गेम घ्या, इन्स्टॉल दाबा, प्ले दाबा. सुरुवातीला तपासून खात्री केलेल्या गेमची यादी फक्त २७ ची होती, पण एक सेटिंग चालू केलं की बाकी कुठलाही गेम लावून बघता यायचा. आणि यातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा, डीएक्सव्हीके, तो कसा आला हे मला फार आवडतं. विंडोजचे गेम चित्र काढायला डायरेक्टएक्स वापरतात, लिनक्सवर ते नाही, लिनक्सवर व्हल्कन आहे, जे २०१६ मध्ये आलं. फिलिप रेबोले नावाच्या एका माणसाला निअर ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, तो नीट चालेना, म्हणून त्याने डायरेक्टएक्स ११ चं व्हल्कनमध्ये भाषांतर करणारा कोड लिहायला घेतला. बस एवढंच कारण. पुढे वाल्व्हने त्याला कामावर घेतलं, आणि आज वाल्व्हच्या स्टीम डेक या हातात धरायच्या गेम मशीनवर जे हजारो गेम चालतात त्यांच्याखाली त्या एका माणसाच्या हट्टाचा पाया आहे.

असो, माझ्या जुलैकडे येते.

पार्टिशन उडवलं पण गेमची डिस्क वेगळी होती, त्यावर जवळपास ८०० जीबी गेम उतरवून ठेवलेले, आणि ती डिस्क विंडोजच्या एनटीएफएसमध्येच, म्हणजे विंडोजच्या फाइल मांडायच्या पद्धतीतच, होती. मी म्हटलं परत कशाला डाउनलोड करायचं, लिनक्सला एनटीएफएस वाचता येतं की, स्टीमला तोच फोल्डर दाखवला, स्टीमने सगळे गेम ओळखले, मी खूश. प्ले दाबलं. बटण हिरव्याचं निळं झालं, स्टॉप असं आलं, पाचेक सेकंद तसंच, आणि परत हिरवं प्ले. ना एरर, ना मेसेज, ना काही. दुसरा गेम, तेच. तिसरा, तेच. एक छोटा गेम ज्याची खास लिनक्सची आवृत्ती होती तो मात्र चालला, त्यामुळे तर जास्तच गोंधळले.

मग लॉग, म्हणजे गेम चालवताना काय काय झालं त्याची नोंद, काढला. गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये प्रोटॉनला लॉग लिहायला सांगणारी एक ओळ टाकायची, गेम चालवायचा, की होम फोल्डरमध्ये गेमच्या नंबरची एक फाइल तयार होते. ती फाइल कधी नुसती दहा ओळींची असते तर कधी लाखभर ओळींची. माझी छोटी होती, आणि शेवटी पायथन भाषेतली एरर, की अमुक सिमलिंक, म्हणजे दुसरीकडे नेणारा दुवा, बनवता येत नाही. सिमलिंकचं नाव बघितलं तर सी आणि पुढे कोलन. म्हणजे सी ड्राइव्ह! डोक्यात प्रकाश पडला तो क्षण मला अजून आठवतो. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटं विंडोज तयार करतं, त्यात सी ड्राइव्ह लागतो, म्हणून एका फोल्डरमध्ये सी कोलन नावाचा दुवा बनवतं. पण विंडोजमध्ये फाइलच्या नावात कोलन चालत नाही, आणि माझ्या डिस्ट्रोने, म्हणजे लिनक्सच्या मी वापरते त्या प्रकाराने, ती डिस्क अशी माउंट केली (जोडली) होती की विंडोजला न चालणारी नावं त्यावर बनूच द्यायची नाहीत. डिस्कची काळजी म्हणून केलेली सोय, आणि तिच्यामुळेच एकही गेम सुरू होईना. खोटं विंडोज बनवताना खऱ्या विंडोजचा नियम आडवा आला.

यावर तात्पुरता उपाय आहे, तो खोट्या विंडोजचा फोल्डर लिनक्सच्या डिस्कवर ठेवायचा आणि तिकडे दुवा द्यायचा, मी तो केला, गेम चालू झाले. दोन दिवस चालले. मग एकदा घाईत मशीन नीट बंद झालं नाही आणि डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडायला लागली, तेव्हा ठरवलं की हे अर्धवट काम नको. सगळं काढून टाकलं, डिस्क लिनक्सच्या एक्स्ट फोर पद्धतीत फॉरमॅट केली, आणि गेम एकेक करून परत डाउनलोड केले, चार-पाच रात्री त्यात गेल्या. जो कोणी हे करायला बसेल त्याने एवढं तरी माझं ऐकावं, गेमची डिस्क पहिल्याच दिवशी फॉरमॅट करा, एनटीएफएसशी झुंजत बसू नका.

त्यानंतर जे झालं ते मला खरंच अपेक्षित नव्हतं. गेम चालले. म्हणजे नुसते चाललेच. माझ्याकडचं ग्राफिक्स कार्ड असं आहे की त्याचा ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मेसामध्येच (ग्राफिक्स ड्रायव्हरचा मोकळा संच) येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही, त्यामुळे तो त्रास नव्हता (आधीच्या मशीनवर बंदिस्त ड्रायव्हर होता आणि कर्नलचं अपडेट आलं की काळा स्क्रीन, ते दिवस मी विसरलेले नाही). एल्डन रिंग लावला, कंट्रोलर जोडला, त्याने लगेच ओळखला, आणि मी नव्वद मिनिटं खेळत राहिले, मध्ये एकदाही मी लिनक्सवर आहे याची आठवण झाली नाही. हाच गेम २०२२ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा पीसीवर मध्येमध्ये अडकायचा आणि वाल्व्हच्या लोकांनी प्रोटॉनच्या बाजूने तो अडकणं कमी करून दाखवलं होतं. २००८ मध्ये रिकामी बटणं अंदाजाने दाबणारी मी, मला हे बघून भरून आलं, यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही.

पण सगळंच सरळ नव्हतं. एका गोष्टीला मी स्वतः कारणीभूत होते. गेम सुरू करण्याआधी स्टीम शेडर तयार करत बसतं, त्याची एक पट्टी येते आणि ती मोठ्या गेमला कधीकधी बराच वेळ खाते. शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डने चालवायचे छोटे प्रोग्राम, ते आधीच तयार नसले तर ऐन खेळात तयार करावे लागतात आणि तेव्हा झटका बसतो. मला धीर नव्हता, मी ते सेटिंगच बंद करून टाकलं. झटके थोडे जाणवले पण चालवून घेतलं, कारण डीएक्सव्हीकेच्या २.० पासून त्यात बरीच सुधारणा झालीये. आणि मग एका गेममध्ये, जिथे गोष्टीचं सगळ्यात मोठं वळण येतं, मी श्वास रोखून बसलेले, सिनेमासारखा सीन सुरू होणार, आणि स्क्रीनवर रंगीत उभे पट्टे! जुन्या टीव्हीवर कार्यक्रम बंद झाल्यावर यायचे ना, अगदी तसेच. आवाज नाही, सबटायटल मात्र खाली शांतपणे सरकतायत, कोणीतरी कोणाला तरी माफ करतंय असं त्यातून कळलं.

शोधलं तेव्हा कारण असं निघालं की गेममधले व्हिडिओ ज्या कोडेकमध्ये, म्हणजे दाबून साठवायच्या पद्धतीत, असतात त्यांच्यावर पेटंट आणि लायसन्सच्या भानगडी असतात, ते प्रोटॉनबरोबर सरसकट देता येत नाहीत. म्हणून वाल्व्ह त्या व्हिडिओंचं दुसऱ्या, मोकळ्या फॉरमॅटमध्ये रूपांतर करून ठेवतं आणि ते आपल्याकडे येतं कशातून, तर त्याच शेडरच्या डाउनलोडमधून. जे मी बंद केलेलं. चालू केलं, काहीशे एमबी उतरलं, आणि सीन दिसायला लागला. मी मागच्या सेव्हवरून परत येऊन तो पूर्ण बघितला. ज्यांचे व्हिडिओ तरीही दिसत नाहीत त्यांच्यासाठी प्रोटॉन जीई नावाची एक बदललेली आवृत्ती आहे, ग्लोरियस एगरोल या नावाने ओळखला जाणारा एक जण ती वर्षानुवर्षं बनवतोय, ती लावून बघा. माझे दोन गेम फक्त तिच्यावरच नीट चालतात.

आता एक जरा दुखरी गोष्ट. माझ्याकडे लिनक्ससाठी खास बनवलेले काही जुने गेम आहेत, दहा-बारा वर्षांपूर्वी मुद्दाम घेतलेले. तेव्हा माझं ठाम मत होतं की लिनक्सची आवृत्ती असेल तरच पैसे द्यायचे, कारण विंडोजचा गेम दुभाष्यामार्फत चालवला तर कंपनीला काय फरक पडणार, तिच्या हिशोबात आपण विंडोजवालेच. त्यातला एक मला फार प्रिय. तो या वेळी लावला तर उघडेचना, कुठली तरी जुनी लायब्ररी मागत होता जी आता डिस्ट्रोमध्ये नाही. स्टीमच्या जुन्या रनटाइमवर (जुन्या लायब्ररींच्या संचावर) टाकून बघितलं, उघडला, पण आवाज नाही. शेवटी त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉन वापर अशी सक्ती केली, म्हणजे स्टीमने लिनक्सची आवृत्ती काढून विंडोजची उतरवली, आणि ती पहिल्या फटक्यात चालली, आवाजासकट. मी खूप वेळ त्या मेनूकडे बघत बसले. ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं आग्रह धरला ती गंजून गेली आणि प्रतिस्पर्ध्याच्या भाषेत लिहिलेली टिकली, कारण त्या भाषेची कोणीतरी रोज काळजी घेतंय, आणि ती काळजी घेणारे लिनक्सवालेच आहेत. माझं मत त्या रात्री बदललं. अजूनही कोणी चांगली लिनक्सची आवृत्ती काढली तर मी आधी तीच घेईन, पण जो काढत नाही त्याच्यावर मी आता रागावत नाही, फक्त प्रोटॉनवर एकदा चालवून बघा आणि आडवे येऊ नका एवढीच मागणी.

सप्टेंबरमध्ये एक गेम बिघडला. प्रोटॉन ९ वर व्यवस्थित होता, १० वर गेले तर दुसऱ्या खिडकीत जाऊन परत आलं की काळा स्क्रीन, आवाज चालू, चित्र गायब. मागे जाऊन ९ लावून मी सुखाने खेळू शकत होते. पण मनात आलं की आपण इतकी वर्षं दुसऱ्याच्या कामावर जेवतोय, एकदा तरी रीतसर कळवू. तर बसले. आधी दोन्ही आवृत्त्यांवर तोच प्रसंग तीन-तीन वेळा करून बघितला, मग दोन्हीचे लॉग काढले, फुल स्क्रीन आणि बॉर्डर नसलेली खिडकी दोन्ही तपासलं, डेस्कटॉप बदलून बघितला, दुसरा मॉनिटर काढून बघितला, आणि त्यात सापडलं की मॉनिटर एकच असला तर बिघाड होतच नाही. हे सगळं, कर्नलचा नंबर, मेसाचा नंबर, कार्डाचं नाव, नीट मांडून गिटहबवर, जिथे प्रोटॉनचा कोड असतो, त्याच्या इश्शूमध्ये म्हणजे तक्रारींमध्ये टाकलं. तीन तास गेले त्यात. मला वाटलं होतं शेकडो तक्रारींत माझी कुठे दिसणार.

पाचव्या दिवशी उत्तर आलं, एका ओळीचं, प्रोटॉन एक्सपेरिमेंटलची ब्लीडिंग एज शाखा (अगदी ताजी, चाचणीची आवृत्ती) लावून बघाल का. मी जेवण बाजूला ठेवून लावली. गेम उघडला, दुसऱ्या खिडकीत गेले, परत आले. चित्र होतं. परत गेले, परत आले, वीस वेळा तरी केलं असेल, दुसरा मॉनिटर काढला, लावला, आवाज, चित्र, सगळं जागेवर. मी लिहिलं की बरोबर झालं, आभार. त्यांनी इश्शूवर खूण केली आणि विषय संपला, पुढच्या काही आठवड्यांत ती दुरुस्ती सगळ्यांच्याच आवृत्तीत आली. आता कुणीतरी कुठेतरी तोच गेम दोन मॉनिटरवर खेळत असेल आणि त्याला कधी कळणारही नाही की इथे एक काळा स्क्रीन होता. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक चालणारा गेम असाच चालतोय, कुणीतरी एक संध्याकाळ लॉग वाचण्यात घालवली म्हणून.

आणि याच कारणाने पुढचं जे आहे ते मला सगळ्यात जास्त लागतं.

भाऊ, मी आणि आणखी दोघं, आम्ही चौघं एक ऑनलाइन शूटर खेळायचो. नाव घेत नाही. प्रोटॉनवर तो छान चालायचा, फ्रेम चांगल्या, कुठे अडकणं नाही, आणि ऑगस्टभर मी त्यांच्याबरोबर लिनक्सवरून खेळले, भावाला तर दोन आठवडे पत्ताच नव्हता की मी विंडोजवर नाही. मग एक अपडेट आलं. लॉबीत गेले, मॅच सुरू झाली आणि चौथ्या सेकंदाला बाहेर फेकलं, अँटी-चीट तुमच्या सिस्टिमवर चालत नाही असा मेसेज. गेम तोच, कार्ड तेच, कालपर्यंत चालत होतं ते सगळं तेच.

यातली तांत्रिक बाजू सांगते. फसवणूक करणाऱ्यांना पकडायला गेममध्ये अँटी-चीट असतं. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय ही दोन मोठी नावं, आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये दोघांनीही प्रोटॉनवर चालण्याची सोय जाहीर केली, स्टीम डेक येणार होतं म्हणून. पण ती चालू करायची की नाही हे गेमच्या कंपनीने ठरवायचं. काहींनी केली, काहींनी नाही, काहींनी करून मग परत बंद केली. विंडोजवर अँटी-चीट थेट कर्नलमध्ये जाऊन बसतं, तिथून सगळ्यावर नजर ठेवतं, लिनक्सवर कर्नल माझा आहे, मी हवा तसा बदलून बनवू शकते, म्हणून कंपन्या म्हणतात की आम्हाला विश्वास ठेवता येत नाही. त्यांची बाजू मला समजते, फसवणारे खेळाची माती करतात हे मीही भोगलंय. पण कर्नलमध्ये बसूनही विंडोजवर फसवणूक थांबलेली नाही, आणि संशय म्हणून अख्ख्या सिस्टिमच्या लोकांना बाहेर काढणं हे मला पटत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या सर्व्हेत लिनक्स पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेलं, आम्ही सगळ्यांनी आनंद केला, पण विंडोज तिथेच ९५ च्या आसपास होतं आणि ३ टक्क्यांसाठी कोणी आपला निर्णय बदलत नाही. अक्षरं दिसत नव्हती तेव्हा लोकांनी ती आणली, डायरेक्टएक्स नव्हतं तेव्हा एकाने ते लिहिलं, कोडेक, सी ड्राइव्हचा कोलन, काळा स्क्रीन, सगळ्यावर कोणीतरी बसलं आणि वाट काढली. इथे बसायला लॉगच नाही. कुलूप आतून लावलंय.

भाऊ म्हणाला, "ताई, एक छोटी डिस्क घे, त्यावर विंडोज टाक, फक्त या गेमसाठी." मी दोन दिवस खरंच विचार केला, कारण गेमपेक्षा त्या चौघांच्या संध्याकाळी मला जास्त हव्या होत्या, आम्ही वेगवेगळ्या ठिकाणी राहतो आणि तेवढंच काय ते बोलणं होतं. पण मग परत तेच, रीस्टार्ट करा, तिकडे जा. मी नाही म्हटलं आणि त्याला ते थोडं लागलंही. आता ते तिघं शुक्रवारी तो गेम खेळतात, मी नसते, आणि बुधवारी आम्ही चौघं डीप रॉक गॅलॅक्टिक खेळतो, गुहा खोदणारे बुटके, तो प्रोटॉनवर अगदी मजेत चालतो. बुधवारची सवय लागायला दीड महिना गेला. भाऊच आता मंगळवारी मेसेज करतो की उद्या किती वाजता.

तो शूटर मी डिस्कवरून काढलेला नाही. दर अपडेट डाउनलोड करते आणि एकदा लावून बघते, कारण तो कधीकाळी चालत होता हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि पलीकडे कुणाच्या तरी हातात फक्त एक सेटिंग आहे. मागच्या आठवड्यातही अपडेट आलं, साडेअकरा जीबी. लॉबी आली, मॅच सापडली, नकाशा लोड झाला, मी एक-दोन-तीन मोजलं, आणि तोच मेसेज.